बरगड्या न दिसणारं जहाज

२०२४ च्या जानेवारीच्या अखेरीस 'आयएनएस सुमित्रा'नं सोमालियाच्या पूर्वेला दीड दिवसाच्या आत दोन मासेमारी बोटी चाच्यांच्या तावडीतून सोडवल्या. आधी 'इमान' नावाची इराणी बोट आणि तिच्यावरचे १७ खलाशी. ते काम उरकतं न उरकतं तोच 'अल नईमी' ही दुसरी बोट पळवल्याची खबर आली. तिच्यावर १९ पाकिस्तानी खलाशी होते. तीही सोडवली. वर्तमानपत्रांनी एक दिवस मोठा मथळा दिला आणि विषय संपला. मी वाचलेल्या बातम्यांपैकी एकीत सुमित्राला चक्क विनाशिका म्हटलं होतं. तिच्यावर क्षेपणास्त्रं नाहीत, पाणतीर नाहीत. सुमित्रा हे किनाऱ्यापासून दूर, आठवडेच्या आठवडे समुद्रात राहायचं गस्ती जहाज आहे आणि ते आपल्या शेजारी, गोव्यात, वास्कोला बांधलेलं आहे.

संपादकांना नौदल दिनाच्या अंकासाठी विमानवाहू नौकेवर लेख हवा होता. गस्ती जहाजावर कोण वाचणार, असं त्यांनी विचारलं. मी हटून बसलो तेव्हा म्हणाले, "जा, पण फोटो चांगले आण." फोटो काही मिळाले नाहीत. गोवा शिपयार्डाच्या फाटकावर फोन जमा होतो, डोक्यावर हेल्मेट येतं आणि सोबत एक अधिकारी येतात. ते अतिशय अगत्यानं तुम्हांला जे दाखवायचं ठरलंय तेवढंच दाखवतात. मला तक्रार नाही. बांधकाम युद्धनौकेचं आहे, तिथं असंच असायला हवं.

यार्डाचा अधिकृत इतिहास एका चकचकीत पुस्तिकेत मिळतो. १९५७ साली पोर्तुगीज अमदानीत 'एस्तालेरुश नावाइश द गोवा' या नावानं ते सुरू झालं. खाणींतलं लोहखनिज नदीतून बंदराकडे न्यायला बार्ज लागत, ते बांधायचे आणि दुरुस्त करायचे, एवढंच काम. १९६१ ला गोवा मुक्त झाला, यार्ड माझगाव डॉककडे चालवायला गेलं आणि १९६७ पासून आजचं नाव लागलं. नंतर टग आले, लँडिंग क्राफ्ट आले, तटरक्षक दलाची गस्ती जहाजं आली आणि मग नौदलाची. मधली पानं मी भराभर उलटली. मला पाहायची होती ती सरयू वर्गाची चार जहाजं: सरयू, सुनयना, सुमेधा, सुमित्रा.

सरयू २१ जानेवारी २०१३ ला नौदलात दाखल झाली, तेव्हा गोवा शिपयार्डानं तोवर बांधलेलं ते सर्वांत मोठं जहाज होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरात सुनयना, २०१४ च्या मार्चमध्ये सुमेधा, सप्टेंबरात सुमित्रा. लांबी १०५ मीटर, वजन २२०० टनांच्या पुढे, वेग २५ नॉट, म्हणजे ताशी साधारण ४६ किलोमीटर. पुढच्या डेकवर ७६ मिलिमीटरची तोफ, मिनिटाला १२० गोळे टाकणारी. बाजूला दोन ३० मिलिमीटरच्या जलदगती तोफा. मागे हेलिकॉप्टरचा डेक आणि हँगर. यातला कामाचा आकडा मात्र वेगळाच आहे. १६ नॉटच्या चालीनं हे जहाज एका इंधनात ६००० सागरी मैल जातं. म्हणजे अकरा हजार किलोमीटर, रात्रंदिवस चालत राहिलं तर पंधरा दिवसांवर. गस्ती जहाजाची खरी ताकद तोफेत नसते, डिझेलच्या टाकीत आणि खलाशांच्या सोशिकपणात असते.

अशी जहाजं आपल्याला लागायला लागली त्याचं मूळ मुंबईच्याच समुद्रात आहे. १९७४ साली 'सागर सम्राट' या तेलविहिरी खोदणाऱ्या रिगला बॉम्बे हायमध्ये तेल लागलं, १९७६ पासून उपसा सुरू झाला. त्याच वर्षी किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या समुद्रावर आपला आर्थिक हक्क सांगणारा कायदा झाला. एका फटक्यात वीस लाख चौरस किलोमीटरहून जास्त समुद्र राखायची जबाबदारी अंगावर आली आणि किनाऱ्यापासून दीडेकशे किलोमीटर आत लोखंडी पायांवर उभ्या असलेल्या विहिरीही आल्या. फ्रिगेट आणि विनाशिका तिथं पहाऱ्याला ठेवणं परवडत नाही. त्यांचं एक दिवसाचं इंधन, शिवाय शेकडो माणसं, शिवाय खरं युद्ध आलं तर त्या दुसरीकडे हव्यात. म्हणून कमी माणसांत, कमी खर्चात लांब राहू शकणारं जहाज हवं होतं. सुकन्या वर्गाची पहिली तीन जहाजं १९८९-९० च्या सुमारास दक्षिण कोरियातून बांधून आणली, पुढची चार विशाखापट्टणमला झाली. त्यांतल्याच एका सरयूला २००० साली आपण श्रीलंकेला देऊन टाकलं. तिथं तिचं 'सयुरा' झालं आणि मोकळं झालेलं नाव वास्कोच्या नव्या जहाजाला मिळालं.

आता बांधकामाकडे. जहाज सांगाड्यापासून सुरू होतं आणि वर वर चढत जातं अशी आपली समजूत असते. ते दिवस गेले. आता जहाज तुकड्यांत होतं. पत्रा आधी छर्ऱ्यांच्या माऱ्यानं स्वच्छ करतात, त्यावर प्रायमर मारतात, संगणकाच्या हुकमावर चालणारी प्लाझ्मा कटिंग मशीन तो कापते. कापलेल्या पत्र्यांना मागून ताणपट्ट्या, म्हणजे स्टिफनर, वेल्ड करून मोठे फलक होतात. फलकांचे ब्लॉक. गंमत म्हणजे ब्लॉक बहुतेक वेळा उलटा बांधतात. तळ वर, डेक खाली. कारण वेल्डरला खाली पाहून टाका मारणं सोपं जातं. डोक्यावर हात धरून मारलेला टाका आणि मांडीपाशी मारलेला टाका यांच्या दर्जात फरक पडतोच. ब्लॉक पुरा झाला की क्रेननं तो सुलटा करायचा आणि शेजारच्या ब्लॉकशी जोडायचा. जोडांचे एक्स-रे काढतात, तेही रात्री, कारण त्या वेळी आसपास माणसं नसतात. सकाळी फिल्म पाहून इन्स्पेक्टर खडूनं फुली मारतो. फुली पडली की तेवढा जोड खरवडून परत भरायचा.

हे सगळं मला दाखवलं आणि ते पाहण्यासारखं आहेच. पण एका ब्लॉकच्या सावलीत एक माणूस गॅसचा टॉर्च घेऊन पत्र्यावर ठिपके भाजत बसला होता, तिथं माझे पाय थांबले. तो ना कापत होता ना जोडत होता. पत्र्यावर रुपयाएवढा गोल लाल करायचा, ओल्या फडक्यानं दाबायचा, एक वीत सरकायचं, पुढचा गोल. सोबतचे अधिकारी म्हणाले, "ते फेअरिंग. पत्रा सरळ करतायत." आणि आम्ही पुढे गेलो. पुढच्या विभागात काय काय पाहिलं ते माझ्या वहीत नीट आहे, पण लक्ष मागेच होतं.

आग लावून पत्रा सरळ कसा होतो, हे मला समजावलं ते एका निवृत्त प्लेटरनं, म्हणजे पत्र्याचं काम करणाऱ्या कारागिरानं. ते मूळचे वेंगुर्ल्याकडचे, उमेदीची सगळी वर्षं गोव्यात गेलेली, आधी बार्जवर आणि मग गस्ती जहाजांवर. त्यांचे हाताखालचे लोक त्यांना मामा म्हणतात, म्हणून मीही मामाच म्हणतो. झुआरीच्या काठावर बार्ज दुरुस्त करणाऱ्या एका लहान यार्डात त्यांचा भाचा काम करतो. एका रविवारी ते मला तिथं घेऊन गेले.

"जहाज बगूचा तर उन्ह तिरपा असताना बगा," मामा म्हणाले. "सकाळी नायतर सांजचा. बारा वाजता सगळीच जहाजां गोरी दिसतत." मग त्यांनी ओढून ठेवलेल्या एका जुन्या बार्जच्या कुशीकडे बोट दाखवलं. तिरप्या उन्हात तिच्या पत्र्यावर आतल्या ताणपट्ट्या एकेक मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट उमटल्या होत्या. दोन पट्ट्यांमधला पत्रा आत बसलेला, पट्टी बाहेर आलेली. "उपाशी बैलाच्यो बरगड्यो," मामा म्हणाले. "जहाज उपाशी दिसता कामा नये."

हे का होतं? वेल्डचा टाका वितळून भरतो आणि थंड होताना आकसतो. आकसताना आजूबाजूचा पत्रा ओढतो. पत्रा जाड असेल तर तो ओढीला दाद देत नाही. पण गस्ती जहाज हलकं आणि वेगवान हवं, म्हणून त्याच्या वरच्या भागांचा, डेकांचा, आतल्या भिंतींचा पत्रा पातळ असतो, पाच-सहा मिलिमीटरचा. तो लगेच मान टाकतो. म्हणजे जहाज जितकं हलकं करायला जावं तितका पत्रा वाकडा होतो. मोठ्या मालवाहू जहाजाच्या जाड पत्र्याला हे दुखणं फारसं नसतं. गस्ती जहाजाला ते जन्मतःच असतं.

आणि हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही. डेकला खोलगट राहिला तर तिथं खारं पाणी साचतं आणि गंज धरतो. त्याहून महत्त्वाचं, आधीच आत बसलेला पत्रा दाब आला की सपाट पत्र्यापेक्षा लवकर चुरगळतो. लाटेवर १०५ मीटरचं जहाज सतत वाकत आणि उलगडत असतं, डेकचा पत्रा कधी ताणला जातो तर कधी दाबला. म्हणून किती मिलिमीटरपर्यंतचा बाक चालेल हे नौदलाचे निरीक्षक ठरवून देतात आणि पट्टी लावून मोजून घेतात.

भाच्यानं टॉर्च पेटवला. मामांनी आधी पत्र्यावर एक लांब सरळपट्टी आडवी धरली, खालून आलेला उजेड पाहिला आणि जिथं उजेड सर्वांत जास्त तिथं खडूनं गोल केले, मधोमध एक आणि मग भोवती. मग म्हणाले, "आता लाल कर. उजेडातला लाल नको, सावलीतला लाल." यातली खोच अशी की भर उन्हात जो पत्रा लाल दिसतो तो प्रत्यक्षात फाजील तापलेला असतो. अंधारा, काळपट लाल पुरे. मोठ्या यार्डात यासाठी ठरावीक तापमानाला वितळणाऱ्या कांड्या असतात, पत्र्यावर रेघ ओढली की कळतं. मामांनी एका हातानं उन्हाला आडोसा केला आणि रंग पाहिला.

गोल लाल झाला. तापलेला पत्रा फुगू पाहतो, पण भोवतीचा थंड पत्रा त्याला चारी बाजूंनी अडवून धरतो. पसरायला जागा नाही म्हणून तो तेवढ्या जागी किंचित जाड होतो. भाच्यानं पाण्याचं फडकं ठेवलं, चर्र आवाज झाला, वाफ उठली. आता तो गोल थंड होताना आकसतो, आणि आकसायला मात्र त्याला कुणी अडवत नाही. जाड झालेला भाग तसाच राहतो आणि पत्रा आधीपेक्षा कणभर आखूड होतो. असे वीस-पंचवीस ठिपके झाले की सगळा मिळून पत्रा ताणला जातो आणि सपाट होतो. ज्या आकसण्यानं वाकडा झाला त्याच आकसण्यानं सरळ होतो.

हे वाचायला सोपं आहे. करताना सगळी कसोटी क्रमाची आणि संयमाची. एक गोल पुरता थंड झाल्याखेरीज काय फरक पडला ते कळत नाही, म्हणून थांबावं लागतं. भाच्याला घाई होती. त्यानं दोन गोल जवळजवळ घेतले तसे मामा खवळले. "अरे, पत्रो आयकता, पण ओरडान नाय आयकणा. रुसलो तर मगे कापूकच लागता." ठिपके जास्त झाले की पत्रा उलट्या बाजूला फुगतो, मग दुसऱ्या बाजूनं भाजा, मग तिसऱ्यांदा, आणि प्रत्येक वेळी पोलादाचा गुण थोडा उतरतो. शेवटी तो तुकडा कापून नवा बसवण्यावाचून इलाज राहत नाही. तासाभरानं मामांनी सरळपट्टी परत धरली. मधला उजेड बारीक रेघेएवढा उरला होता. त्यांनी मान हलवली, शाबासकी काही दिली नाही.

युरोपातल्या मोठ्या यार्डांत आता विजेच्या इंडक्शननं पत्रा तापवतात आणि लेझर वेल्डिंग वापरून मुळात ओढच कमी बसेल असं पाहतात. आपल्याकडेही यंत्रं येताहेत. पण कुठे भाजायचं, किती, आणि कधी थांबायचं हे अजून बव्हंशी माणसाच्या डोळ्यावर आहे. मी मामांना विचारलं, हे शिकायला किती वर्षं लागतात? ते म्हणाले, पहिली दोन वर्षं फक्त पाणी मारायचं. तिसऱ्या वर्षी टॉर्च हातात येतो. सरळपट्टी कुणी पाच वर्षांच्या आत देत नाही. हा हिशेब लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जहाजाच्या पोटातली आणखी एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. सरयू वर्गाला वीस सिलिंडरची दोन पिलस्टिक डिझेल इंजिनं आहेत, मूळ आराखडा फ्रेंच, बांधणी पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची परवान्याखालची. गस्ती जहाजाचं आयुष्य मोठं विचित्र असतं. वीस दिवस रेंगाळायचं, दहा-बारा नॉटनं समुद्र चाळत फिरायचं, आणि एकविसाव्या दिवशी एका लाकडी बोटीमागे जिवाच्या आकांतानं धावायचं. मोठ्या डिझेल इंजिनाला रेंगाळणं मानवत नाही. कमी भारावर धुराचा जोर कमी पडतो, टर्बोचार्जर नीट फिरत नाही, हवा अपुरी पडते, इंधन अर्धवट जळतं आणि आत काजळी धरते. यावर तोड अशी की कमी भारावर एक टर्बोचार्जर बंदच ठेवायचा. सगळा धूर दुसऱ्याला मिळतो, तो पूर्ण वेगानं फिरतो. वेग वाढवायची वेळ आली की झडपा उघडून पहिल्यालाही कामाला लावायचं. एवढ्या साध्या युक्तीवर रेंगाळणं आणि धावणं दोन्ही निभतं.

आणि या जहाजांना खरंच दोन्ही करावं लागलं. २०१५ च्या मार्चअखेरीस येमेनमध्ये लढाई पेटली तेव्हा सुमित्रा एडनच्या आखातात चाचेगिरीविरोधी गस्तीवर होती. तिला तशीच एडन बंदराकडे वळवलं. गोळीबार चालू असलेल्या बंदरात जाऊन तिनं पहिल्याच फेरीत ३४९ भारतीयांना उचललं आणि जिबुतीला पोचवलं. जेमतेम सव्वाशे माणसांच्या राहण्याची सोय असलेल्या जहाजावर साडेतीनशे पाहुणे. पुढच्या वर्षी, २०१६ च्या फेब्रुवारीत, विशाखापट्टणमच्या आंतरराष्ट्रीय ताफा संचलनात याच सुमित्रावरून राष्ट्रपती प्रणव मुखर्जींनी मानवंदना घेतली. २०२३ च्या एप्रिलमध्ये सुदानात यादवी भडकली, तेव्हा पोर्ट सुदानहून २७८ जणांची पहिली तुकडी जेद्दाहला आणली ती सुमेधानं. २०२५ च्या एप्रिलमध्ये सुनयना कारवारहून निघाली ती नऊ मित्रदेशांच्या नौसैनिकांना आपल्या खलाशांसोबत घेऊन.

मुंबईकरांना जवळची वाटेल अशी एक घटना २०२४ च्या मार्चमधली. सोकोत्रा बेटाजवळ 'अल कंबर' ही मासेमारी बोट चाच्यांनी बळकावली. सुमेधानं तिला आधी गाठलं, मग 'त्रिशूल' फ्रिगेट येऊन मिळाली. बारा तासांहून जास्त काळ दबाव ठेवल्यावर चाचे शरण आले, २३ पाकिस्तानी खलाशी सुटले. ते नऊ चाचे मुंबईला आणून पोलिसांच्या ताब्यात दिले आणि २०२२ च्या चाचेगिरीविरोधी कायद्याखाली त्यांच्यावर गुन्हा लागला. वास्कोत बांधलेल्या जहाजानं धरलेली माणसं मुंबईच्या कोर्टात उभी राहिली, इतका हा समुद्र आपल्या जवळचा आहे.

आता काळजीची गोष्ट. सुमित्रा सप्टेंबर २०१४ मध्ये दाखल झाली. नौदलानं गोवा शिपयार्डाशी गस्ती जहाजांचा पुढचा करार केला तो ३० मार्च २०२३ ला. मध्ये साडेआठ वर्षं गेली. मामांच्या हिशेबानं या काळात एक अख्खी पिढी पाणी मारायला लागून सरळपट्टीपर्यंत पोचली असती, आणि एक पिढी निवृत्त झाली असती. हात शिल्लक राहिले ते तटरक्षक दलामुळे. समर्थ, शूर, सारथी, शौनक, शौर्य, सुजय आणि त्यामागोमाग २०२० पासून सचेत आणि तिच्या बहिणी, अशी जवळपास त्याच मापाची पांढरी गस्ती जहाजं त्या काळात वास्कोतून निघत राहिली. श्रीलंकेसाठीही दोन झाली. करड्या रंगाचं काम बंद होतं तेव्हा पांढऱ्या रंगानं चूल पेटती ठेवली. हे कुणी आखून केलं असं मला वाटत नाही. नशिबानं जुळलं.

जिथं नशीब जुळलं नाही तिथं काय झालं, ते गुजरातेत पिपावावला पाहावं. २०११ साली नौदलानं तिथल्या खासगी यार्डाला पाच गस्ती जहाजांचं काम दिलं. जहाजं काही वर्षांत हाती यायची होती. २०१७ च्या जुलैत 'शची' आणि 'श्रुती' ही पहिली दोन पाण्यात उतरली आणि तिथंच अडकली. दरम्यान यार्डाचे मालक बदलले होते, कर्ज वाढत गेलं, प्रकरण दिवाळखोरीच्या कोर्टात गेलं आणि २०२० मध्ये नौदलानं करारच रद्द केला. पाचांपैकी एकही जहाज त्या कराराखाली नौदलात आलं नाही. बँकांचं नुकसान मोजता येतं. तिथं सहा-सात वर्षं काम शिकलेले वेल्डर आणि प्लेटर कुठे पांगले याची मोजदाद कुणी ठेवत नाही.

गोव्यातही हात पांगण्याची कारणं आहेतच. २०१२ साली खाणी बंद झाल्या, पुढे थोड्या चालू झाल्या आणि २०१८ ला परत थांबल्या. बार्ज नदीत गंजत उभे राहिले. बार्ज दुरुस्त करणारी लहान यार्डं म्हणजे या धंद्यातली प्राथमिक शाळा. पत्रा भाजायला, टाका मारायला पोरं तिथंच शिकायची आणि मग मोठ्या यार्डात जायची. मामांच्या हाताखालचे कितीतरी जण त्या वर्षांत आखातात गेले, काही जण गाड्या चालवायला लागले. आता खनिजाची वाहतूक पुन्हा सुरू होते आहे म्हणतात, पण गेलेले परत आले नाहीत. मामांच्या भाच्याच्या यार्डात त्या रविवारी टॉर्च धरू शकणारी माणसं एका हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी होती, आणि त्यांतले बहुतेक पन्नाशीच्या पुढचे.

याच गोवा शिपयार्डानं आणखी एक दणका पचवलेला आहे. सुरुंग काढणारी बारा जहाजं दक्षिण कोरियाच्या मदतीनं इथं बांधायची होती, बत्तीस हजार कोटींच्या घरातला प्रकल्प. २०१८ च्या सुरुवातीला ती बोलणी मोडली आणि प्रकल्प गुंडाळला गेला. आपल्या नौदलातलं शेवटचं जुनं सुरुंगशोधक जहाज २०१९ ला निवृत्त झालं. मोठ्या समारंभात घोषणा होते, शिपयार्ड जागा तयार करतं, माणसं घेतं आणि मग फाइल दिल्लीत थांबते. असं एकदा झालं तर ते दुर्दैव, वारंवार झालं तर ती पद्धत.

२०२३ चा करार एकूण अकरा जहाजांचा आहे, ९७८१ कोटींचा. सात गोव्यात, चार कोलकात्याच्या गार्डन रीचमध्ये. ही नवी जहाजं मोठी आहेत: ११३ मीटर लांब, सुमारे ३००० टन, १४ नॉटच्या चालीनं ८५०० सागरी मैलांचा पल्ला. गोव्यातल्या पहिल्या जहाजाचा कील ३ मे २०२४ ला ठेवला. कराराच्या दिवशी जाहीर झालं होतं की जहाजं सप्टेंबर २०२६ पासून मिळू लागतील. शेजारच्या धक्क्यावर 'त्रिपुट' आणि 'तवस्या' या १२५ मीटरच्या दोन फ्रिगेट त्याच यार्डाच्या वेल्डरांना, फिटरांना, तंत्रज्ञांना अडकवून आहेत. काम कमी पडलं तरी पंचाईत, एकदम अंगावर आलं तरी पंचाईत. आठ वर्षं उपास आणि मग पंगत, असं पोटाचं जमत नाही, यार्डाचंही जमत नाही.

यंत्रं विकत आणता येतात. प्लाझ्मा कटिंगची मशीन, क्रेन, अगदी इंडक्शनचा संचही सहा महिन्यांत येईल. सरळपट्टीमागचा उजेड वाचणारा डोळा पाच वर्षांत येतो आणि दोन वर्षं काम मिळालं नाही तर निघून जातो. म्हणून माझं मत साधं आहे. नौदलानं गस्ती जहाजं अकराच्या गठ्ठ्यानं आणि दशकाच्या अंतरानं मागू नयेत. दर वर्षी एक, फार तर दोन, पण न चुकता मागावीत, आणि तटरक्षक दलाची मागणी त्याच वेळापत्रकात गुंफावी. एकूण खर्च तोच राहील, असं मला वाटतं. या अकरांतलं शेवटचं जहाज पाण्यात उतरायच्या आधी पुढच्या जहाजांच्या करारावर सही झालेली असली पाहिजे. तशी झाली की नाही, हे अकराव्या जहाजाच्या जलावतरणाच्या बातमीत वाचकांनी जरूर शोधावं.